तासभर बसतो, पण तिरकिट काही सुटत नाही

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याजवळ राहणारे, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे छत्तीस वर्षांचे गृहस्थ चार वर्षं तबला शिकतायत. रोज रात्री जेवणाआधी तासभर बसतात. ‘धाती धागे नाधा तिरकिट’ हा कायदा (घोटायची ठरलेली रचना) बरोबरीत, म्हणजे मूळ लयीत, ठीक वाजतो, दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, मात्र तिरकिट हा चार आघातांचा बोल आला की हात फाटतो. दोन वर्षं तिथेच अडलंय. गुरुजी म्हणतात, ‘रियाज वाढव.’ घरचे म्हणतात, ‘पुरे.’ आता ते विचारतायत: तास वाढवू का? चाळीस दिवसांचा चिल्ला करू का? आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) वाड्यावरच्या भजनात बसलो तर चालेल का?

मी गेली तीस-पस्तीस वर्षं तबला वाजवतो आणि शिकवतो. जत्रेतल्या संगीत नाटकांना साथ केली, सप्ताहात रात्र-रात्र बसलो, आणि तुमच्यासारखे नोकरी सांभाळून शिकणारे बरेच विद्यार्थी पाहिले. तुमच्या गुरुजींनी तुमचा हात बघितलाय, मी नाही. त्यामुळे माझं एखादं सांगणं त्यांच्या सांगण्याशी जुळलं नाही तर त्यांचं ऐका.

तर आधी तास. वाढवू नका. एक हिशेब मांडून दाखवतो.

तुमचा कायदा सोळा मात्रांचा. धाती धागे नाधा तिरकिट, धाती धागे तीना किना; मग खाली, ताती ताके नाता तिरकिट, धाती धागे धीना गिना. प्रत्येक मात्रेत दोन अक्षरं, फक्त तिरकिटाच्या मात्रेत चार. सोळा मात्रांत तिरकिट येतं दोनदा, म्हणजे आवर्तनाचा आठवा भाग. तुम्ही घड्याळ लावून, पाणी प्यायलाही न उठता तासभर हा कायदा वाजवलात तरी तिरकिटाच्या वाट्याला येतात साडेसात मिनिटं. उरलेली साडेबावन्न मिनिटं तुम्ही जे येतंय तेच वाजवत असता. तास दोन केलेत तर तिरकिटाला पंधरा मिनिटं मिळतील आणि घरच्यांचा संताप दुप्पट होईल.

आता वेगाचं बघा. मिनिटाला साठ मात्रा धरा, म्हणजे सेकंदाला एक. बरोबरीत ‘धाती धागे’ला सेकंदाला दोन आघात पडतात, तिरकिटाला चार. दुगुनीत ‘धाती धागे’ चारावर जातं आणि तिरकिट आठावर. बाकीचा कायदा अजून रमतगमत चाललेला असतो तेव्हा तिरकिट धावतंय, असा हा मामला. म्हणून तुम्हाला वाटतं की दुगुनीत ‘सगळं येतं, फक्त तिरकिट येत नाही’. सगळं येतंय कारण बाकीच्याची अजून परीक्षाच झालेली नाही.

त्या साडेसात मिनिटांतही तिरकिट फाटतच वाजत असेल तर ती मिनिटं तुमच्या विरोधात जातात. हाताला बरोबर-चूक कळत नाही, जे पुन्हा पुन्हा घडतं ते त्याला पाठ होतं. दोन वर्षांत तुमच्या हाताने फाटलेलं तिरकिट फार मन लावून पाठ केलंय. आता ते विसरायला लावायचं, हे नवीन शिकण्यापेक्षा थोडं किचकट काम आहे, पण होतं.

पहिली गोष्ट, नेमकं कुठे फाटतंय ते शोधा. ‘तिरकिट येत नाही’ हे निदान नव्हे. तिरकिटात चार आघात: ति मधल्या बोटाने किंवा मधलं आणि अनामिका मिळून शाईवर (तबल्याच्या तोंडावरच्या काळ्या गोलावर), र तर्जनीने शाईवर, कि डग्ग्यावर डाव्या पंजाने दाबून, आणि ट पुन्हा मधल्या बोटाने. बोटं कोणती हे घराण्यागणिक थोडं बदलतं, गुरुजींनी सांगितलं तसंच ठेवा. उजव्याला तीन आघात, डाव्याला एक. आता कायदा बाजूला ठेवा आणि नुसतं तिरकिट तिरकिट तिरकिट तिरकिट वाजवून बघा, ज्या वेगात कायद्यात फाटतं त्याच वेगात. दोनपैकी एक होईल.

नुसतं तिरकिटही फाटलं, तर दुखणं आत आहे. बहुतेकांचा र मेलेला असतो. मधल्या बोटामागे पूर्ण पंजाचं वजन असतं, तर्जनी बिचारी एकटी पडते, आणि ऐकू येतं ‘ति-किट’. दुसरा नेहमीचा रोगी म्हणजे कि. डावा हात उजव्याची वाट बघत बसतो, उशिरा पडतो, आणि मग ट घाईने त्याच्या अंगावर येऊन आदळतो. कानाला वाटतं उजवा अडखळला, पण गुन्हेगार डावा असतो. हे ओळखायला डग्गा बाजूला सारून डाव्या हाताने नुसती मांडीवर थाप द्या आणि उजव्याने ति-र-(रिकामं)-ट वाजवा. उजवा सरळ चालला तर डाव्यावर काम करा.

आणि नुसतं तिरकिट व्यवस्थित वाजलं, तर तुमचं तिरकिट चांगलंच आहे. मग अडचण दारात आहे, घरात नाही. कायद्यात तिरकिटाच्या आधी ‘नाधा’ येतं आणि नंतर ‘धा’. ना आणि धा तर्जनीने चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, वाजतात, तिरकिट शाईवर. हाताला चाटेवरून शाईवर यायचंय आणि चार आघातांनी लगेच परत चाटेवर जायचंय. तीन बोटं रुंदीचा प्रवास, पण आठाच्या वेगात तो मोठा होतो. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांचं तिरकिट इथे, आत शिरताना किंवा बाहेर पडताना, फाटतं, आणि ते वर्षानुवर्षं नुसतं तिरकिट घोटत बसतात. मीही बसलो होतो, लपवण्यात अर्थ नाही.

अशा वेळी कायद्यातून एवढाच तुकडा कापून घ्या: ‘धा तिरकिट धा’. शेवटच्या धावर थांबा. एक मात्रा पूर्ण रिकामी जाऊ द्या. त्या रिकाम्या मात्रेत हात मोकळा सोडा, खांदा खाली येतोय ना बघा. मग पुन्हा. हा तुकडा पाच मिनिटं केलात तरी तुमच्या जुन्या तासाइतकं काम झालं.

शिरणं-बाहेर पडणं जमलं की तुकडा उलटसुलट फिरवा. हा माझा आवडता उद्योग आहे. तिरकिट जसं आहे तसं चार वेळा, मग र पासून सुरू करून ‘रकिटति’ चार वेळा, मग ‘किटतिर’, मग ‘टतिरकि’. प्रत्येक वेळी टाळीची मात्रा पहिल्या अक्षरावर. पहिल्या दिवशी डोकं गरगरेल. पण या फिरवण्यात मेलेला र एकदा तरी मात्रेवर पहिला येतो, त्याला जोर द्यावाच लागतो, आणि उशिरा येणारा कि एकदा पहिला येतो, मग त्याला लपायला जागा उरत नाही. पंधरा दिवसांनी सरळ तिरकिटावर परत आलात की चारही अक्षरं एका मापाची ऐकू येतील.

आता ‘हळू वाजवा’ या सल्ल्याबद्दल. सगळे देतात, मीही देतो, पण तो अर्धाच दिला जातो. हळू वाजवताना आपण बोट चार-चार इंच वर उचलतो, कारण वेळ असतो. वेग वाढला की तेवढं उचलायला वेळच नसतो, मग हात वेगळीच हालचाल करायला लागतो. म्हणजे तुम्ही संथ लयीत एक हालचाल घोटली आणि जलद लयीत दुसरीच वापरली. मग संथ रियाजाचा उपयोग काय? संथ वाजवताना बोट जेवढं जलद वाजवताना उठेल तेवढंच उठवा. पुडीपासून (तबल्याच्या चामड्यापासून) अर्धा इंच, फार तर पाऊण. आघात झाला की बोट लगेच सैल. लय संथ, पण हालचाल जलद लयीतलीच, हे जमलं की वेग निम्मा आपोआप येतो.

उरलेला निम्मा छोट्या झेपांनी येतो. मेट्रोनोम (मात्रेगणिक टिक देणारं यंत्र) साठवर ठेवून ‘तिरकिट धा’ एकदाच दुगुनीच्या वेगात वाजवा आणि पुढच्या तीन मात्रा गप्प बसा. पुन्हा एकदा. पुन्हा गप्प. एवढासा तुकडा तुमचा हात आजही पूर्ण वेगात वाजवू शकतो, खात्री आहे मला. तो वेगात वाजवताना हात ताठ होतो का, श्वास अडकतो का, ते बघायचं. एक जमला की दोन तिरकिटं, ‘तिरकिट तिरकिट धा’, मग चार. लांबी वाढवायची, वेग तोच. आणि दुसरीकडे शिडी: चाळीस मात्रांपासून सुरू करून आख्खा तुकडा सलग दहा वेळा स्वच्छ आला की दोन मात्रांनी वर. एकदा फाटला की दोन मात्रांनी खाली. पाच-पाच, दहा-दहाने उड्या मारणारे लोक शेवटी तिथेच पोचतात जिथे तुम्ही आता आहात.

पढंत विसरू नका. शिकताना सगळे टाळी देऊन बोल म्हणतात आणि हातात एकदा बसले की म्हणणं सोडून देतात. मी उलट करायला सांगतो. फाटणारी जागा आधी तोंडाने दुगुनीत म्हणून बघा, हाताने मात्रा धरून. बऱ्याच जणांचं तिथे तोंडही अडखळतं, ‘तिकिट’ होतं, ‘तिरट’ होतं. जे तोंडात सरळ नाही ते हातात कसं सरळ येणार? आणि पढंतीला तबला लागत नाही. तुम्ही फोंड्याहून वेर्ण्याला कंपनीच्या बसने जात असाल तर तो सगळा वेळ तुमचा आहे. गुडघ्यावर बोटांनी मात्रा, तोंडात बोल, ओठ हलले नाहीत तरी चालेल. शेजारचा थोडा वेळ वेड्यासारखा बघेल, मग त्याला सवय होते.

रेकॉर्डिंग करा, पण लगेच ऐकू नका. मोबाईल डग्ग्याशेजारी न ठेवता दोन-तीन हात लांब ठेवा, नाहीतर डग्ग्याचा घुमारा सगळं झाकून टाकतो. वाजवून झाल्या झाल्या ऐकलंत तर तुम्हाला जे वाजवायचं होतं तेच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ऐका. तेव्हा कान परक्याचे असतात.

वेळ वाढवू नका म्हणालो, पण वाटून घ्या. रात्रीचा एक तास मोडून सकाळी वीस मिनिटं आणि रात्री पंचवीस करा. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों वाजतो तेव्हा बसा, तोवर घर जागं झालेलंच असतं, कोणी बोलणार नाही. रात्री पाळी असेल तर उलट करा. एका दमात तासभर बसलात तर शेवटची वीस मिनिटं बोटं थकलेली आणि मन घड्याळात असतं. झोप मध्ये आली की काल न जमलेलं सकाळी थोडं सुटलेलं मिळतं, हे तुम्हीही कधीतरी अनुभवलं असेल.

‘मोठे लोक आठ-आठ तास करायचे’ हे ऐकून तुम्ही निराश होऊ नये म्हणून एक सांगतो. १९९३ साली बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, दहा हजार तासांची गोष्ट लोक त्यावरूनच सांगतात. त्यातले उत्तम विद्यार्थी एकट्याने रोज साधारण साडेतीन तास रियाज करत, संगीतशिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांपेक्षा बराच जास्त. पण ते तासही सलग नसत, मध्ये विश्रांती असे, आणि ही मंडळी दुपारची डुलकी काढत. व्हायोलिन हेच ज्यांचं पूर्ण वेळचं काम, त्यांचं हे प्रमाण. आठ तास कारखान्यात उभं राहून आलेल्या माणसाने साडेतीन तासांचं स्वप्न बघण्यात काही अर्थ नाही.

आता चिल्ला. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, शब्दच फारसीतल्या चाळीसवरून आलाय. उस्तादांच्या घरांत शागिर्द चाळीस दिवस जगापासून बाजूला बसून एकच गोष्ट घोटत असे. त्याला वंदन. पण त्यामागे त्याच्या लहानपणापासूनचा तयार हात असे, समोर गुरू असे, जेवण आयतं येत असे. तुम्हाला कंपनीतून चाळीस दिवस रजा मिळणार नाही आणि मिळाली तरी घरातून मिळणार नाही.

मी केला होता. पंचविशीत असताना, कला अकादमीत एका मोठ्या तबलावादकाचं सोलो ऐकून आलो आणि डोक्यात भूत शिरलं. गुरुजींना न विचारता रोज पाच तास सुरू केले, धिरधिर आणि तिरकिट. बाराव्या दिवशी उजवं मनगट दुखायला लागलं. दुखतंय म्हणजे तयारी होतेय असं समजून आणखी घोटलं. सतराव्या दिवशी मनगट सुजलं आणि सकाळी दात घासायला ब्रश धरता येईना. डॉक्टरांनी तीन महिने तबल्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. नेमका तो जत्रांचा हंगाम. माझ्या जागी दुसऱ्याने साथ केली आणि मी विंगेत पेटीवाल्याला पान लावून देत उभा. गुरुजींना कळलं तेव्हा रागावले नाहीत, फक्त विचारलं, ‘मग तिरकिट आलं का?’ आलं नव्हतं.

म्हणून दुखण्याचं लक्षात ठेवा. बोटांच्या टोकांना झिणझिणणं, दंडाला थकवा येणं, हे चालतं, रात्री झोपलात की जातं. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ, बोटांना मुंग्या, सकाळी उठल्यावर मूठ न वळणं, हे आलं की त्या दिवशी तबला बंद आणि पढंत सुरू. चार दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि बसण्याची उंची बघा. मांडी घालून बसल्यावर कोपर पुडीच्या पातळीपेक्षा खाली राहत असेल तर मनगट सतत वाकलेलं राहतं. खाली दोन बोटं जाडीची घडी घेऊन बसा. चुंबळ सैल पडली असेल तर तबला पुढे कलंडतो आणि हात त्याच्यामागे धावतो, तीही नवीन घ्या. थोडासा खर्च टाळून लोक मनगट बिघडवतात.

लयीबद्दल बोलायचं तर आपल्या गोव्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहेच. खाप्रुमामा पर्वतकर. त्यांना लयभास्कर म्हणत. दोन हातांनी दोन वेगवेगळे ताल धरायचे, पायांनी आणखी, आणि वर तोंडाने वेगळंच काही म्हणायचे अशा गोष्टी जुनी माणसं अजून रंगवून सांगतात. ऐकणाऱ्याला त्यातलं गणित दिसतं. मला त्यात एका साध्या गोष्टीची खात्री दिसते, की त्या माणसाच्या आतली एक मात्रा कधीच हलत नसणार. एक हलली तर पाच ताल उभेच राहणार नाहीत. आपल्याला पाच नकोत. एक द्या.

त्यासाठी मेट्रोनोमची टिकटिक एवढी पुरत नाही. टिक सतत वाजत असेल तर तुम्ही तिच्या मागे चालायला शिकता, स्वतः चालायला नाही. लेहऱ्यावर (आवर्तनभर फिरत राहणाऱ्या एकाच धुनेवर) वाजवा, मोबाईलवर लेहऱ्याची ॲपं फुकटही मिळतात. पंधरा दिवस झाले की घरच्या पोराला हाताशी धरा. त्याने लेहऱ्याचा आवाज अधूनमधून एका आवर्तनापुरता बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. तुम्ही वाजवत राहायचं. आवाज परत आला तेव्हा तुम्ही समेच्या पुढे असाल तर तुम्ही पळणारे, मागे असाल तर ओढणारे. साठच्या लयीत त्रितालाचं आवर्तन सोळा सेकंदांचं. सोळा सेकंद स्वतःच्या भरवशावर राहणं किती कठीण असतं ते पहिल्या दिवशी कळेल. पोराला यात फार मजा येते, आणि घरचे तबल्याला कंटाळलेत ही तुमची तक्रारही थोडी कमी होईल.

आणखी एक, तिरकिट थोडं सुटायला लागलं की फक्त त्याच्याच मागे लागू नका. पाच मिनिटं तिरकिट, मग पाच मिनिटं झपतालाचा ठेका, मग पुन्हा तिरकिट, मग दुसऱ्या कायद्याचा मुखडा. असं आलटूनपालटून करताना हात रोज थोडा अडखळेल, वाटेल की मागे जातोय. पण मैफलीत किंवा भजनात तिरकिट कोणी दहा वेळा सलग मागत नाही, एकदाच मागतं, मध्येच, आणि तिथे ते यावं लागतं.

पावसाळा सुरू झालाय म्हणून तबल्याचं दोन ओळीत सांगतो, कारण निम्मे लोक जूनपासून सप्टेंबरपर्यंत हाताला दोष देतात आणि दोष हवेचा असतो. आपल्याकडच्या दमट हवेत पुडी सैल पडते, पेटीच्या काळी एकच्या स्वराला लावलेला तबला रात्रीत उतरतो, शाई भुसभुशीत होते आणि तिच्यावर तिरकिट ‘टप टप’ वाजतं, उडत नाही. रोज हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) ठोकून वर चढवत बसू नका, पुडी फाटेल. गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) एकदा नीट सरकवा. तबला बंद कपाटात, आत कमी वॅटचा बल्ब लावून ठेवा किंवा पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हात कधीही ठेवू नका, शाईला तडे जातात. हाताला पावडर लावा पण नावापुरती. घामात मिसळून शाईवर तिचा चिखल होतो. आणि रियाजाला उंच स्वराचा, लहान तोंडाचा तबला घेऊ नका. मोठ्या तोंडाच्या, उतरत्या स्वराच्या तबल्यावर तिरकिट जमलं की वरच्या स्वरावर ते लगेच येतं, उलट होत नाही.

आता शेवटचा प्रश्न, चवथीचा. दोन-अडीच महिने आहेत. बसा, जरूर बसा. घरात एकट्याने वर्षभर वाजवून जे शिकत नाही ते गावच्या भजनात एका रात्रीत शिकाल. पण त्यासाठी तुमच्या पंचवीस मिनिटांतली दहा मिनिटं आजपासून ठेक्याला द्या. भजनी, केरवा, धुमाळी, दादरा. नुसता ठेका, एकही भरणी नाही, दहा मिनिटं सलग. कंटाळवाणं वाटतं ना? साठ-पासष्टच्या लयीत दहा मिनिटं भजनी ठेका सारख्या वजनाने वाजवणं हे तुमच्या कायद्यापेक्षा कठीण आहे. रेकॉर्ड करून सुरुवातीची आणि शेवटची लय मोजा. पाच-सात मात्रा वाढलेली सापडेल. मी पाहिलेले जवळजवळ सगळेच नवे वादक वाढवतात, ओढणारे विरळा.

भजनात पेटीवाल्याचा उजवा हात आणि मुख्य गाणाऱ्याचं तोंड दोन्ही दिसतील अशा जागी बसा. पहिल्या वर्षी अभंगाच्या शेवटी लय चढवायला गाणारे उठतील तेव्हा तुम्ही चढवू नका, त्यांच्या मागे जा. सम चुकली तर थांबू नका, हात तसाच ठेवा आणि टाळांकडे कान द्या. टाळ वाजवणारी मंडळी समेला जराशी जास्त जोराने आदळतात, तिथून धा पकडा. कोणालाही कळत नाही. आणि तिरकिट अजून पक्कं नसेल तर त्या रात्री मध्येच घालू नका. आरतीला घुमट, शामेळ ही आपली गोव्याची वाद्यं सुरू झाली की तबल्याचं काही ऐकू येणार नाही, तेव्हा हवं तेवढं वाजवून बघा.